बसवून खायला घालीन

आये, पंधरा दिवसांपूर्वी आपल्या घरात पुन्हा ते वाक्य ऐकलं. तुझा नातू बोलला. त्याच्या आईला, म्हणजे तुझ्या सुनेला, त्यानं खुर्चीत बसवलं, पायाखाली उशी सरकवली आणि म्हणाला, "मम्मी, आता तू इकडची काडी तिकडं करायची नाहीस. मी तुला बसवून खायला घालीन." मी तिथंच जेवत होतो. हातात तांदळाची भाकरी, ताटात जवळ्याचं कालवण, आणि घास काही खाली उतरेना. बायकोला वाटलं, कालवण तिखट झालं. म्हणाली, पाणी प्या. तिला काय सांगू? हेच वाक्य मी तुला बोललो होतो. आणि नुसता बोललो नाही, करूनही दाखवलं. तुला बसवून खायला घातलं, आये. इतकं बसवलं की तुला उठता येईना, आणि मग तू गेलीस. सोळा वर्षं झाली. गावात लोक अजून म्हणतात, आईची सेवा करावी तर यानं. मी मान खाली घालून ऐकून घेतो, आणि त्यांना वाटतं, माणूस किती साधा आहे.

तुला वाचता येत नव्हतं. अंगठा लावायचीस, तोही इतका जोरात दाबून की तलाठी म्हणायचा, आजी, कागद फाटेल. तेव्हा हे मी कोणासाठी लिहितोय, देव जाणे. पण त्या दिवसापासून झोप उडाली आहे आणि बोलायला दुसरं माणूस नाही. बायकोशी बोललो, पोराशी बोललो, थोडं मोकळं झालं. उरलेलं तुझ्याशीच बोलायला हवं.

मी ते पहिल्यांदा कधी बोललो, तुला आठवतं का? मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बापूस जाऊन वर्ष झालं होतं. भाताची कापणी चालू होती आणि तू भारे वाहत होतीस. मी बांधाच्या टोकाला, खळ्यावर बसलोय. समोरून तू येतेस. बांध केवढा, वीतभर. दोन्ही बाजूंना चिखल. डोक्यावर भारा एवढा मोठा की तुझं तोंड दिसत नाही, नुसते पाय दिसतात. टाचेपुढं अंगठा, अंगठ्यापुढं टाच, एकापुढं एक, आणि हात दोन्ही मोकळे. भाऱ्याला हात लावलेला नाही! एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी तोडलेला उसाचा तुकडा. खळ्यावर भारा टाकलास, धूळ उडाली, तू खोकलीस, आणि मला तुझी दया आली. मी म्हटलं, "आये, मी मोठा झालो ना, की तुला बसवून खायला घालीन." तू हसलीस. म्हणालीस, "घाल, घाल. पयले तू तं जेव बाला, बरगड्या मोजाला येतान तुज्या." आणि परत गेलीस दुसरा भारा आणायला. त्या बांधावरून. मी ऊस खात बसलो.

पुढं मी गाडीवर कंडक्टर लागलो. तीस वर्षं भिवंडी ते वज्रेश्वरी, अकलोली, कधी वाडा. गाडी हलते, खड्ड्यात आदळते, आणि कंडक्टर उभा. एक हात पैशाच्या पिशवीत, दुसऱ्या हातात तिकिटं. धरायचं कशाला? मांड्या ताठ ठेवायच्या आणि गाडीबरोबर झुलायचं. तो तुझाच बांध होता, फक्त चाकांवरचा. पण तेव्हा डोक्यात शिरलं नाही. म्हातारी बाई गाडीत चढली की मी ओरडायचो, "ए, उठ रे, आजीला बसायला दे!" लोक उठायचे. आजी बसायची, मला आशीर्वाद द्यायची. मला वाटायचं, जगात म्हाताऱ्या माणसाला देण्यासारखी एकच चीज आहे: बसायला जागा. आपल्याकडं तर दारात माणूस आला की पहिला शब्द "बसा". उभं ठेवलं तर अपमान. बसवलं की मान. बस म्हणजे बस, आणि बस म्हणजे पुरे. आता पुरे झाले तुझे कष्ट, बस. एका शब्दात किती माया आहे, नाही? त्याच शब्दानं मी तुझे पाय काढून घेतले.

मग पूर्णा गावाच्या बाजूनं गोडाऊन वाढत वाढत आपल्या शेतापर्यंत आले. शेत गोडाऊनवाल्यांना विकलं, त्या पैशांत घर झालं. खाली लादी, वर लादी, जिन्याला स्टीलचा कठडा. तुला घेऊन मी घरभर फिरलो. "ही बघ आये, तुझी खोली. हा पलंग. हा कमोड, आता तुला उकिडवं बसायला नको. हा ओटा, उभ्यानं सगळं होईल, पण तू ओट्याकडं यायचंच नाही. सून करील." तू हात पाठीमागं बांधून सगळं बघितलंस आणि म्हणालीस, "झकास हाय. आनि माजा पाट खय हाय?" पाट, विळी, पाटा-वरवंटा, उखळ, सगळं मी माळ्यावर टाकलं होतं. काही भंगारवाल्याला दिलं. तू हट्ट केलास म्हणून पाट ठेवला, पण तोही माळ्यावर. "जमिनीवर कशाला बसायचं, आये? डायनिंग टेबल कशाला आणलंय?" पहिले दिवस तू टेबलाच्या खुर्चीत दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसायचीस. पोरं हसायची. मग पाय खाली सोडायला लागलीस. ते लोंबकळायचे, जमिनीला टेकायचे नाहीत.

एक दिवस तुला फार बोललो, तो विसरता विसरत नाही. सुनेच्या माहेरची माणसं आली होती. हॉल भरलेला. आणि तू मागच्या दारात, पायरीखाली, उकिडवी बसून लसूण सोलत होतीस. लुगडं गुडघ्यात खोचलेलं, सूप पुढ्यात. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "अगं बाई, सासूबाई अजून काम करतात?" झालं. माझं डोकं फिरलं. तुझ्यासमोरचं सूप मी उचललं आणि म्हटलं, "किती वेळा सांगितलं? लोक काय म्हणतील, आईला मजुरीला लावली? ऊठ! खुर्चीत जाऊन बस!" तू उठलीस. हात न टेकता, एका झटक्यात, जशी आयुष्यभर उठत होतीस तशी. तेव्हा सत्तरीच्या पुढं होतीस तू. मी आज चौसष्टचा आहे आणि मला तसं उठता येत नाही. खुर्चीत जाऊन बसलीस, आणि हातात लसणाची एक पाकळी राहिली होती ती तशीच चोळत राहिलीस. त्यानंतर तू लसूण सोललेला मी पाहिला नाही. मी जिंकलो ना!

पाय जायला काही एक दिवस लागत नाही. आधी तू भिंतीला बोटं लावून चालायला लागलीस. नव्या घराच्या रंगावर तुझ्या बोटांची काळी रेघ पडली होती, पलंगापासून मोरीपर्यंत. मी सुनेला म्हटलं, पुसून घे. मग खुर्चीतून उठताना तू हात द्यायला सांगायला लागलीस. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आईला आपली गरज आहे, यापरता मोठेपणा कुठला! मी धावत यायचो, काखेत हात घालून तुला उचलायचो. तू म्हणायचीस, "वाईच थांब रं, मना बगू दे उठाला जमतंय का." मी कुठला थांबतोय? मी उचलून मोकळा. तू एकदा म्हणालीस, मना बांधावरून फिरवून आन. गोडाऊनच्या कुंपणाला लागून आपल्या वाटणीचा एक बांध अजून उरला होता. मी म्हटलं, "पडशील! गाडीनं नेतो." गाडी कुंपणापाशी उभी केली, काच खाली केली, आणि तू आतूनच बांध बघितलास. "गवत वाढलंय," एवढंच बोललीस.

अकलोलीला नेलं ते तर मी गावभर सांगत फिरलो. कोणी म्हणालं, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडले की गुडघे मोकळे होतात. कुंडाच्या पायऱ्या बघून तू पदर खोचलास. मनात काय होतं ते मला कळत होतं. तुला उतरायचं होतं, एक एक पायरी, माझा हात धरून का होईना. आणि मी सगळ्यांसमोर तुला लहान पोरासारखी उचलली आणि खाली नेली. बाया बघत होत्या. एक म्हणाली, असा मुलगा मिळायला नशीब लागतं. माझी छाती फुगली. तू माझ्या कानाशी म्हणालीस, "खाली ठेव रं बाला, पाय हायेत मना." हळूच म्हणालीस, मला लाज वाटू नये म्हणून. मी हसलो आणि घट्ट धरलं.

मग तू पडलीस. भर सकाळी, पलंग आणि मोरीच्या मधे, जिथं काही अडखळायला नव्हतं. लादी कोरडी होती. लोकांना मी सांगितलं, पाण्यावरून पाय घसरला. पाणी कुठलं आलंय? पायांत जोर नव्हता, एवढंच. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड बसवलंय, आता यांना लवकर उभं करा, झोपवून ठेवू नका. घरी एक फिजिओवाला यायचा, गरीब माणूस, सायकलवर यायचा. तो तुला पलंगाच्या कडेला बसवायचा, पाय खाली सोडायचा, म्हणायचा, आजी, माझ्या खांद्याला धरा आणि उठा. तू उठायचीस आणि किंचाळायचीस. ते किंचाळणं, आये! मी मागच्या अंगणात जाऊन कानांवर हात ठेवायचो. चौथ्या दिवशी मी त्याला दारातच अडवलं. म्हटलं, "माझ्या आईनं जन्मभर हाल काढलेत. तुम्ही आणखी हाल करू नका. उद्यापासून येऊ नका." तो म्हणाला, "दादा, आज दुखलं तर उद्या चालतील." मी त्याला घालवून दिला. आतून तुझा आवाज आला, "येव दे रं त्याला. मी करतंय." मी म्हटलं, "तू बस गप. आराम कर." बसायचं तरी कुठलं आता, झोपायचंच उरलं होतं.

आणि तू गेल्यावर मी काय केलं, ऐक. सगळ्यांना सांगितलं, आईनंच व्यायाम केला नाही. जुनी माणसं, ऐकत नाहीत. पोराला सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, दहाव्याला नदीकाठी बसलेल्या माणसांना सांगितलं. तुझ्या अंगावर घातलं सगळं. तुझा नातू तेच ऐकत मोठा झाला. तो आता पूर्णाच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, दिवसभर संगणकापुढं बसून असतो, पण पोरगा मायाळू आहे. माझ्यावर गेलाय. तीच तर भीती.

तीन महिन्यांपूर्वी तुझी सून ओटीच्या पायरीवरून पडली. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं आणि पोरानं धामणकर नाक्यावरची एक फिजिओ मुलगी घरी बोलावली. तिचा दवाखाना कापडाच्या लूमच्या कारखान्याच्या वर आहे, खाली दिवसभर खटखट, वर हिचे व्यायाम. म्हणून तिला मोठ्यानं बोलायची सवय. कोकणी मुसलमानाची पोर, डोक्यावर ओढणी, तोंडात निम्मं मराठी निम्मं हिंदी. आली ती मनगटाकडं बघेचना. म्हणाली, "काकी, हाथ तो ठीक हो जाएगा. का पडलात, ते सांगा. खुर्चीतून उठून दाखवा." सून हात टेकून उठली. "अब बगैर हाथ के." सून बसली ती बसलीच. दोनदा हिसका दिला, जमेना. मुलगी म्हणाली, "बघा. हात नाही पडले, पाय पडले."

मी बाजूला उभा होतो. माझे कान तापले.

मग तिनं सांगायला घेतलं. "अलग से टाइम निकालोगे तो चार दिन कराल, पाचव्या दिवशी सोडाल. जे रोज करताय त्याच्यातच घाला. दात घासताना ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहा. कुकर लावला ना? तीन शिट्ट्या होईस्तोवर टाचा वर, टाचा खाली. टीव्ही बघताना जाहिरात आली की उठायचं, बसायचं, दहा वेळा, हात न लावता. भाजी खालच्या कप्प्यात ठेवा, वाकून काढा. आणि काम बंद करू नका काकी, काम कमी करा, बंद नको." शेवटी तिनं खिशातून खडू काढला, हॉलच्या लादीवर भिंतीलगत एक सरळ रेघ मारली आणि म्हणाली, "याच्यावरून चालायचं. टाचेपुढं अंगठा, अंगठ्यापुढं टाच. भिंत बाजूला राहू द्या, तोल गेला तर धरायला. काका, तुम्ही पण."

मी रेघेवर उभा राहिलो. टाचेपुढं अंगठा ठेवला. आणि आये, मला समोर भारा दिसला आणि भाऱ्याखाली तुझे पाय. फी घेऊन एक शिकलेली पोर आम्हाला जे शिकवायला आली होती, ते तू रोज करत होतीस गं! उकिडवं बसणं, पाटावरून उठणं, वाकणं, बांधावरून चालणं, खालचं वर ठेवणं, वरचं खाली काढणं. तुझ्या एकेका कामात तुझे पाय होते आणि मी एक एक काम काढून घेतलं. हा दे, तो दे, तू बस. मी रेघेवर दोन पावलं चाललो आणि भिंतीला धरून रडलो. मुलीला वाटलं, चक्कर आली. तिनं मला खुर्ची दिली. म्हणाली, "काका, बसा."

चार दिवस सुनेनं केलं. मग पाय दुखले, मांड्या भरून आल्या, आणि तिनं कुरकुर सुरू केली. "तीस वर्षं ओट्याशी उभीच होते, आता कुठं बसायला मिळालं तर ही पोर उठवते." तिचंही खोटं नाही. आणि पोरगा विरघळला. आराम खुर्ची आणली, कामाला बाई ठेवली, उशी सरकवली, आणि त्या दिवशी जेवताना ते वाक्य. जेवण झाल्यावर त्यानं फोन हातात घेतला. "त्या मॅडमना सांगतो, उद्यापासून येऊ नका. मम्मीला त्रास होतोय."

अक्षर न् अक्षर तेच, आये. दारात तो सायकलवाला उभा आहे, आणि मी त्याला घालवतोय.

मी म्हटलं, "फोन ठेव." तो म्हणाला, "पप्पा, पण मम्मीला..." मी ओरडलो, "फोन ठेव सांगतो ना!" या घरात मी इतक्या मोठ्यानं कधी ओरडलो नव्हतो. एकदाच, लसणाच्या वेळी. मग सांगितलं त्याला. आजीनं व्यायाम नाकारला नव्हता. मी नाकारला. आजी आतून म्हणत होती, येऊ दे त्याला. फिजिओवाल्याला मी हाकलला, आणि सोळा वर्षं तिच्यावर घातलं. लादीवर पाणी नव्हतं, तेही सांगितलं. सूप हिसकावलं, तेही. पोरगा म्हणाला, "पप्पा, मी सगळ्यांना सांगत आलोय, आमची आजी हट्टी होती म्हणून गेली." मी म्हटलं, "आता सांगू नकोस."

तुझी सून खुर्चीत बसून होती. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मी स्वयंपाकघरात होते तेव्हा. मी ऐकलं होतं त्या म्हणाल्या ते." सोळा वर्षं गप्प राहिली बाई! मी विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही लई रडत होता. कसं बोलणार?" मग तिनं दोन्ही हात छातीशी धरले, पुढं वाकली आणि उठायला गेली. अर्ध्यातून परत खाली आली. पोरगा धावला तिला धरायला, तर त्याला म्हणाली, "थांब. बघू दे मला." तो थांबला, आये. माझ्यापेक्षा शहाणा निघाला. दुसऱ्या खेपेला ती उठली. पाय लटलटत होते, पण उठली.

आता घरात रोज तमाशा असतो. कुकरची शिट्टी झाली की दोघं टाचा वर करून उभे. दात घासताना मी एका पायावर, फेस शर्टावर सांडतो. कामाची बाई तोंडाला पदर लावून हसते. सुनेनं निम्मं काम परत आपल्याकडं घेतलं आहे, लसूण तर तीच सोलते. माळ्यावरून मी तुझा पाट काढला. एका बाजूला वाळवी लागली आहे, पण बसता येतं. पहिल्या दिवशी बसलो आणि उठता येईना; पोरानं हात दिला नाही, नुसता जवळ उभा राहिला. भिंतीला धरून उठलो. तू असतीस तर हसली असतीस मला. हसली असतीस, आणि पाट माझा आहे म्हणत मागून घेतला असतास.

माझं आता सगळं बरं चाललं आहे, पण तुझं काही बरं होत नाही. ते कुठल्या व्यायामानं होणार? मी हे पत्र पुरं करीन आणि माळ्यावर टाकीन, बाकी सामानात. तुझ्या नातवाला मी सगळं सांगितलं, असं त्याला वाटतं. एक सांगितलं नाही. ते त्याला सांगण्याची हिंमत नाही, आणि तुला सांगितल्याशिवाय जीव जात नाही.

तुझ्या शेवटच्या आठवड्यातली ती दुपार. सून बाजारात गेली होती. तू हाका मारत होतीस. "बाला, मना उठव. वाईच उठव रं, उबी करून बग." किती वेळा मारल्यास, मोजल्या नाहीत. नंतर तू शेजारच्या वहिनीला सांगितलंस, मी दारातून ऐकलं. "पोऱ्या घरान नव्हता. नाय तं उठवला असता त्यानं मना. हाकेसरशी येतंय तो." संध्याकाळी मी तुझ्यासाठी केळी आणली, पाठीला दोन उशा लावून तुला बसवलं आणि माझ्या हातानं भरवलं. तू दोन घास खाल्लेस, माझ्या गालाला हात लावलास आणि विचारलंस, "दमलास का रं ड्युटीवरून?" मी म्हटलं, हो, आत्ताच येतोय.

त्या दुपारी खोलीच्या बाहेर, पॅसेजमध्ये, चपला हातात घेऊन मी उभा होतो. तुला उचललं की तू किंचाळशील, ते मला ऐकवलं नसतं. म्हणून आवाज न करता मागच्या दारानं बाहेर पडलो. मी घरातच होतो, आये.